‘उधळपट्टी’, ‘चैन’ आणि ‘एक्स्ट्रॅव्हॅगन्स’ : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात खर्चवाचक शब्दांचा इतिहास (१८६१ ते २००८)

प्रस्तावना

खर्चाविषयी बोलणारा प्रत्येक शब्द खर्चाचे केवळ वर्णन करीत नाही, तो खर्चाचा न्यायही करतो. एकाच रकमेला कोणी ‘हौस’ म्हणतो, कोणी ‘चैन’ म्हणतो आणि कोणी ‘उधळपट्टी’ म्हणतो. रक्कम तीच असते. बदलतो तो बोलणारा, आणि ज्याच्याविषयी बोलले जाते त्याच्याशी असलेले त्याचे नाते. सावकार, महसूल अधिकारी, समाजसुधारक आणि कास्तकार यांच्या तोंडी हे शब्द आले की त्यांचे अर्थ वेगवेगळे होतात. त्या अर्थांतून धोरणेही घडतात. म्हणून अशा शब्दांचा अभ्यास हा भाषेच्या अभ्यासकांचा विषय असला तरी आर्थिक व सामाजिक इतिहासालाही तो टाळता येत नाही.

वर्धा जिल्हा या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. एकोणिसाव्या शतकातील कापसाच्या तेजीत येथील शेतकऱ्याच्या खर्चाची नोंद इंग्रजी सरकारी लेखनात झाली. विसाव्या शतकात याच जिल्ह्यात साधेपणा व अपरिग्रह यांची एक स्वतंत्र परिभाषा घडली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात शेतकऱ्याच्या खर्चाची चर्चा पुन्हा याच भूमीत उभी राहिली. अवघ्या दीडशे वर्षांत एका जिल्ह्याने खर्चाविषयीच्या तीन भाषा अनुभवल्या.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत : उधळेपणा व भोग यांविषयीच्या नित्याच्या इंग्रजी व मराठी शब्दांची घडण तपासणे, वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात हे शब्द कोणी कोणासाठी वापरले हे पाहणे, आणि या वापराचा शेतकऱ्याच्या कर्जाविषयीच्या समजुतींवर काय परिणाम झाला याचा विचार करणे.

इंग्रजी शब्दांची घडण

बेसुमार खर्चासाठी इंग्रजीत जे शब्द रूढ आहेत त्यांपैकी बहुतेकांचा पैशाशी मूळचा संबंध नाही. ‘एक्स्ट्रॅव्हॅगंट’ हा शब्द लॅटिनमधील ‘बाहेर’ आणि ‘भटकणे’ या अर्थांच्या दोन शब्दांपासून बनला आहे. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये तो आपली हद्द सोडून भटकणाऱ्या पिशाचासाठी आला आहे, खर्चिक माणसासाठी नव्हे. पैशाच्या बाबतीत मर्यादा सोडणे हा अर्थ त्याला पुढे चिकटला आणि अठराव्या शतकात तो रूढ झाला. ‘स्क्वाँडर’ या क्रियापदाचा एक जुना अर्थ विखुरणे असा आहे. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये समुद्रावर इतस्ततः पसरलेल्या जहाजांच्या संदर्भात तो दिसतो. ‘लॅव्हिश’च्या मुळाशी जुन्या फ्रेंचमधील मुसळधार पावसाचा शब्द आहे. ‘प्रॉडिगल’ ज्या लॅटिन क्रियापदापासून आला त्याचा अर्थ हाकून देणे, पुढे लोटणे असा होतो. लूकच्या शुभवर्तमानातील ज्या दृष्टान्तामुळे हा शब्द इंग्रजीत घरोघरी पोचला, तो मराठी ख्रिस्ती परंपरेत ‘उधळ्या पुत्राचा दृष्टान्त’ म्हणून ओळखला जातो.

‘लक्झरी’ आणि ‘इंडल्जन्स’ या शब्दांचा प्रवास नैतिकतेकडून बाजाराकडे झालेला दिसतो. ‘लक्झरी’ हा मध्ययुगीन इंग्रजीत कामवासनेचा शब्द होता आणि त्याची गणना पापांत होत असे. सतराव्या-अठराव्या शतकांत त्याला महागड्या सुखसोयीचा अर्थ आला. १७१४ साली मँडेव्हिल याने ‘फेबल ऑफ द बीज’ या ग्रंथात श्रीमंतांच्या विलासामुळे अनेकांना रोजगार मिळतो असा युक्तिवाद केला, तेव्हा पापाचा हा शब्द अर्थशास्त्राच्या चर्चेत येऊन बसला. ‘इंडल्जन्स’चा मूळ अर्थ मायेने सूट देणे, लाड करणे हा. कॅथलिक धर्मव्यवस्थेत तो पापाच्या शिक्षेतून मिळणाऱ्या सवलतीचा शब्द झाला, आणि त्या सवलतींच्या विक्रीविरुद्धच १५१७ साली मार्टिन ल्यूथरने आवाज उठवला. आजच्या इंग्रजीत मात्र हे दोन्ही शब्द जाहिरातीत प्रतिष्ठेने मिरवतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रूढ झालेला ‘स्प्लर्ज’ हा शब्द तर आज जवळजवळ निर्दोष आहे. कधीमधी स्वतःसाठी केलेली मौज, एवढाच त्याचा सूर असतो.

१७७६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मधील अॅडम स्मिथची मांडणी येथे विशेष उपयुक्त ठरते. उधळ्या माणसाला तो समाजाचा शत्रू मानतो. परंतु गरज कोणती आणि चैन कोणती हे ठरवताना तो केवळ शरीराच्या गरजेवर थांबत नाही. देशाच्या रूढीप्रमाणे ज्या वस्तूवाचून सामान्य प्रतिष्ठित माणसाला चारचौघांत वावरणे लाजिरवाणे वाटेल, ती वस्तूही तो गरजेतच धरतो. त्याने दिलेले उदाहरण तागाच्या सदऱ्याचे आहे. ग्रीक-रोमन लोक त्यावाचून सुखाने जगले, पण त्याच्या काळच्या युरोपात रोजंदारीच्या मजुरालाही तो आवश्यक झाला होता. हा निकष इंग्लंडमधील मजुराच्या सदऱ्याला लागू होत असेल, तर तो वर्धा जिल्ह्यातील कुणब्याच्या घरच्या मांडवाला का लागू होऊ नये, हा प्रश्न पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

मराठीतील खर्चवाचक शब्द

मराठीतील या शब्दसंग्रहाचा मुख्य शब्द ‘उधळणे’ हा आहे. गुलाल उधळतात, भंडारा उधळतात, धूळ उधळते. घोडा किंवा बैल बुजून सैरावैरा धावू लागला तर तोही उधळला असे म्हणतात. मोल्सवर्थच्या १८३१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि १८५७ साली सुधारून निघालेल्या कोशाच्या काळातही या क्रियापदाचा व्याप असाच मोठा होता. ‘स्क्वाँडर’मधील विखुरणे आणि ‘एक्स्ट्रॅव्हॅगंट’मधील हद्द सोडून भटकणे, हे दोन्ही अर्थ मराठीने या एकाच क्रियापदात साठवले आहेत. तथापि एक महत्त्वाचा भेद आहे. गुलाल उधळणे हे आनंदाचे व मंगलाचे कृत्य आहे. त्यामुळे ‘उधळण’ या नामात दोष नाही. रंगांची उधळण, स्तुतीची उधळण असे प्रयोग सहज होतात. दोष येतो तो ‘उधळपट्टी’ आणि ‘उधळ्या’ या रूपांत.

दुसरा गट अरबी-फारसी वळणाचा आहे. ‘खर्च’ हा शब्दच तिकडून आला. ‘मौज’ म्हणजे मूळची लाट, ‘ऐश’ म्हणजे जगणे. ‘फाजील’ हा शब्द उर्दूत विद्वानाचे विशेषण होऊ शकतो, मराठीत मात्र फाजील खर्च आणि फाजील लाड एवढेच त्याच्या वाट्याला आले. सर्वांत लक्षणीय रूपांतर ‘हौस’ या शब्दाचे आहे. उर्दू-हिंदीत ‘हवस’ म्हणजे अनावर वासना. मराठीने तिला घरात घेतले, तिचे दात काढून टाकले आणि मायेचा शब्द केला. सुनेची हौस, नातवाची हौस, हौसेने केलेला दागिना यांत निंदेचा लवलेश नाही. ‘हौसेला मोल नाही’ ही म्हण तर हिशेबनिसाला सरळ दाराबाहेर उभे करते. याउलट तमाशातील फडावर पैसे उधळण्याला ‘दौलतजादा’ असे भारदस्त नाव मिळाले, पण त्या नावामागे घरादाराची चिंताही उभी राहिली.

‘चैन’ या शब्दाचा विचार वर्ध्याच्या संदर्भात अधिक उद्बोधक आहे. हिंदीत ‘चैन’ म्हणजे मनाची स्वस्थता, विश्रांती. मराठीत ‘चैन’ म्हणजे गरजेपलीकडचे सुख. मूळ अर्थ मराठीत ‘बेचैन’ या शब्दात तेवढा टिकून राहिला आहे. अर्थशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांनी गरजांचे आवश्यक, सुखसोयीच्या आणि चैनीच्या असे तीन प्रकार केले आणि ‘लक्झरी’ला ‘चैन’ हा प्रतिशब्द पक्का झाला. ज्या वर्ध्यात १९३६ साली राष्ट्रभाषा प्रचार समितीची स्थापना झाली आणि १९९७ साली महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय स्थापन झाले, तेथे हे दोन अर्थ एकाच रस्त्यावर शेजारी नांदतात. हिंदी बोलणाऱ्याला जी मनःशांती वाटते, ती मराठी कानाला चैन वाटते.

संस्कृत वळणाच्या शब्दांत ‘व्यय’, ‘अपव्यय’, ‘विलास’, ‘भोग’ आणि ‘व्यसन’ हे प्रमुख होत. ‘व्यसन’चा एक प्राचीन अर्थ संकट असा आहे. कारण आणि परिणाम एकाच शब्दात बांधले गेले आहेत. ‘भोग’ शब्दाचीही तीच तऱ्हा आहे. देवाला दाखवायचा तो भोग, इंद्रियांनी घ्यायचा तोही भोग, आणि नशिबी आलेले सोसायचे तेही भोगच. दिखाऊ खर्चासाठी ‘थाट’, ‘बडेजाव’, ‘डामडौल’, ‘भपका’ हे शब्द आहेत. ‘भपका’ हा वासाचाही असतो व लग्नाचाही. दोन्ही दुरून जाणवतात आणि दोन्ही लवकर विरतात.

या सर्वांहून वेगळा आणि कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याला जवळचा शब्द ‘वेचणे’ हा आहे. संतवाङ्मयात ‘वेच’ म्हणजे खर्च, आणि धन वेचणे म्हणजे ते खर्च करणे. आज पैशाच्या संदर्भात हा प्रयोग मागे पडला असला तरी ‘आयुष्य वेचले’ या वाक्प्रयोगात तो जिवंत आहे. त्याच वेळी ‘वेचणे’ म्हणजे एकेक करून निवडणे, गोळा करणे. कापसाची वेचणी ही याच अर्थाची. एकाच रूपात गोळा करणे आणि खर्च करणे हे परस्परविरोधी अर्थ नांदतात. पण दोन्हीमध्ये एक समान सूत्र आहे. वेचणाऱ्याचा हात बोंडागणिक थांबतो, पाहतो आणि मग पुढे जातो. उधळणाऱ्याची मूठ पाहत नाही. मराठीने खर्चाचा दोष रकमेत शोधला नाही, तो या न पाहण्यात शोधला. ‘पैसा सत्कारणी लागला’ आणि ‘पैसा उडवला’ या दोन वाक्यांतील अंतर रुपयांत मोजता येत नाही.

कापसाची तेजी आणि चांदीची धाव

नागपूर जिल्ह्याचा भाग वेगळा काढून १८६२ साली वर्धा जिल्हा अस्तित्वात आला. पालकवाडी या खेड्याच्या जागी १८६६ साली वर्धा शहराची आखणी झाली आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली वर्ध्यावरून नागपूरला पोचली. जिल्ह्याचा जन्मच कापसाच्या तेजीत झाला होता. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातील कापसाचे भाव अकल्पितपणे चढले. ‘हिंगणघाट’ या नावाने व्यापारात प्रतिष्ठा पावलेला कापूस याच जिल्ह्यातला. वर्ध्याच्या जमीनमहसूल व्यवस्थेशी निगडित असलेले आणि पुढे मध्यप्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त झालेले हॅरी रिव्हेट-कार्नॅक हे या काळाचे प्रमुख सरकारी साक्षीदार होत.

तेजीच्या काळातील शेतकऱ्याचे जे चित्र इंग्रजी सरकारी लेखनातून पुढे आले, त्यात नांगराला चांदीचे फाळ आणि गाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीची धाव यांचा उल्लेख येतो. त्यासोबत धावत्या बैलजोडीसाठी मोजलेल्या भरमसाट किमती आणि लग्नसमारंभांत उडवलेल्या रकमाही येतात. चांदीची धाव ही तुरळक ठिकाणची नवलाई म्हणून नोंदवली गेली होती. परंतु ती इतकी चित्रमय होती की पुढे पुनःपुन्हा सांगितली गेली, आणि पुनरुक्तीत ‘कोठे कोठे’ हे शब्द गळून पडले. थोड्या घरांची क्षणिक नवलाई संपूर्ण कुणबी समाजाचा स्वभाव ठरली. ‘एक्स्ट्रॅव्हॅगन्स’ आणि ‘इम्प्रॉव्हिडन्स’ म्हणजे उद्याचा विचार नसणे, हे दोन शब्द हिंदुस्थानी शेतकऱ्याच्या वर्णनात जवळजवळ ठरीव झाले.

या वर्णनात मिसळून गेलेले खर्च मराठी शब्दांच्या चाळणीतून काढले तर ते एका जातीचे राहत नाहीत. चाकाला चांदीची धाव बसवणे ही निःसंशय उधळपट्टी होती, कारण मऊ चांदी रस्त्यावर झिजून धुळीला मिळते. धावत्या बैलजोडीची गोष्ट निराळी. चांगला बैल हे कास्तकाराचे भांडवल होते, वाहन होते आणि शंकरपटातील प्रतिष्ठाही होती. पोळ्याला त्याच बैलाच्या पाठीवर झूल आणि शिंगांना बेगड चढवताना जो पैसा जातो त्याला खेड्यात कोणी चैन म्हणत नाही. ती हौस असते, आणि वर्षभर राबलेल्या मुक्या जनावराचे ते देणेही असते. लग्नाचा खर्च तिसऱ्या प्रकारचा होता. ‘लग्न पाहावे करून, घर पाहावे बांधून’ या म्हणीत त्या खर्चाचे कौतुक नाही, धाक आहे. तो अब्रूचा खर्च होता. तो टाळणे म्हणजे भावकीत मान खाली घालणे. स्मिथच्या तागाच्या सदऱ्याची जागा येथे मांडवाने घेतली होती. इंग्रजी अहवालाच्या भाषेत मात्र उधळपट्टी, हौस आणि अब्रू ही तिन्ही एकाच शब्दाखाली गेली.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि त्याच वर्षी मुंबईच्या शेअर बाजारातील फुगाही फुटला. वास्तविक बेहिशेबीपणाचे याहून मोठे उदाहरण त्या काळात नव्हते. तथापि मुंबईतील सट्ट्याला ‘मॅनिया’ म्हणजे वेड म्हटले गेले. वेड हा आजार आहे आणि तो उतरतो. शेतकऱ्याच्या खर्चाला जो शब्द लागला तो त्याच्या स्वभावाचा होता, आणि स्वभावाला औषध नसते. याच दशकात मध्यप्रांतात मालगुजारी पद्धतीने जमिनीवरील मालकी हक्क निश्चित झाले. त्यामुळे जमीन तारण ठेवण्याजोगी व विकण्याजोगी वस्तू बनली. तेजीत वाढलेली पत मंदीत कर्ज होऊन अंगावर आली. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्यप्रांत होरपळला. कर्जाची ही कारणे जागतिक बाजारात, महसूल व्यवस्थेत आणि पावसात होती. शब्द मात्र मांडवाकडे बोट दाखवीत राहिला.

आरोप आणि प्रत्युत्तर

हा आरोप केवळ वर्ध्यापुरता नव्हता. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या दख्खन दंगे आयोगापुढेही शेतकऱ्याच्या लग्नखर्चाचा प्रश्न आला. आयोगाचा निष्कर्ष लक्ष देण्याजोगा आहे. कर्जाचे कारण म्हणून लग्नादी समारंभांच्या खर्चाला अवास्तव महत्त्व दिले गेले आहे, असे आयोगाने म्हटले. रयतेच्या ऐपतीच्या मानाने असा खर्च अधिक म्हणता आला तरी तो प्रसंग क्वचित येतो, आणि अनेक वर्षांचा एकत्र विचार केला तर अशा माणसाने घरगुती व सामाजिक आनंदावर जितका खर्च करणे योग्य तितकाच तो भरतो, असे त्याचे मत पडले. म्हणजे ‘एक्स्ट्रॅव्हॅगंट’ हा शब्द सरकारी चौकशीतच अपुरा ठरला होता. तरीही तो प्रशासनाच्या भाषेतून गेला नाही.

मराठीत या आरोपाला सर्वांत जळजळीत उत्तर महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली सिद्ध केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात दिले. शेतकरी लग्नांत निरर्थक पैसा उडवतात म्हणून कर्जबाजारी होतात, या म्हणण्याचा त्यांनी समाचार घेतला. शेतकऱ्याच्या घरातील वास्तविक सामान, त्याचे जेवण, त्याचे कपडे व लग्नातील साधा बेत यांचे बारकाईने वर्णन करून त्यांनी त्याच्यासमोर अधिकारी वर्गाचे राहणीमान ठेवले. आरोपाचा शब्द आरोप करणाऱ्यावरच उलटवण्याची ही रीत होती. फुले लग्नातील अनावश्यक विधींचे समर्थक नव्हते. सत्यशोधक विवाहाची पद्धत त्यांनीच घालून दिली. पण कमी खर्चाचा आग्रह धरणे वेगळे आणि खर्चाला कर्जाचे मूळ ठरवणे वेगळे, हा भेद त्यांच्या लेखनात स्पष्ट आहे. पुढे विदर्भात गाडगे महाराजांनी (१८७६ ते १९५६) ऋण काढून सण करू नका असे कीर्तनांतून सांगितले. तो उपदेशही आपल्या माणसांनी आपल्या माणसांना केलेला होता. त्यात तळमळ होती, तुच्छता नव्हती.

वर्ध्यातील साधेपणाची परिभाषा

विसाव्या शतकात वर्ध्यामध्ये खर्चाच्या भाषेला जे वळण मिळाले ते याहून निराळे आहे. येथे खर्चाविषयीचा प्रश्न ज्यांच्याजवळ खर्चायला होते त्यांनी स्वतःला विचारला. त्याची सुरुवात गांधीजींच्या आगमनापूर्वीची आहे. वर्ध्याच्या बच्छराज घराण्यात दत्तक आलेले जमनालाल बजाज (१८८९ ते १९४२) यांचा वयाच्या सतराव्या वर्षी लग्नाला जाताना दागिने घालण्यावरून आजोबांशी खटका उडाला. तेव्हा घराण्याच्या संपत्तीवरील हक्क सोडत असल्याचे पत्र लिहून त्यांनी घर सोडले. पुढे समेट झाला, संपत्ती त्यांच्याकडे आली, पण तिच्याकडे त्यांनी विश्वस्ताच्या नात्याने पाहिले. मध्यप्रांतातील लग्नाचा डामडौल हा सरकारी अहवालाचा विषय होता. येथे तोच डामडौल एका सावकारी घरातील तरुणाने आतून नाकारला.

एप्रिल १९२१ मध्ये विनोबा भावे सत्याग्रहाश्रम चालवण्यासाठी वर्ध्यास आले. १९३४ मध्ये गांधीजी वर्ध्यास येऊन राहिले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे आले. १९३६ साली गांधीजी शेगावास गेले. त्या गावाला १९४० साली सेवाग्राम हे नाव मिळाले. तेथील झोपडी गावात मिळणाऱ्या सामानाने बांधायची आणि खर्च ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर जाऊ द्यायचा नाही, अशी त्यांची अट होती. आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर मजकूर लिहिण्याची त्यांची सवय प्रसिद्धच आहे. या वातावरणात ‘अपरिग्रह’, ‘अस्वाद’, ‘विश्वस्त’ हे शब्द नित्याच्या व्यवहारात आले. १९०९ सालच्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये पूर्वजांनी भोगाला मर्यादा घातली असे प्रतिपादन आहे. मूळ गुजरातीतील ‘भोग’ इंग्रजी भाषांतरात ‘इंडल्जन्सेस’ झाला. पाश्चात्य सभ्यतेच्या समीक्षेत तिचाच एक शब्द तिच्या विरोधात उभा राहिला.

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या सुमारास विनोबांनी पवनार येथे ‘कांचनमुक्ती’चा प्रयोग केला. श्रमावर जगायचे आणि पैशाच्या व्यवहारातून मोकळे व्हायचे, हा त्यामागील विचार होता. ‘काटकसर’ हा शब्द पैशाच्या आतला आहे. तो पैसा वाचवतो. ‘कांचनमुक्ती’ने पैशाचाच प्रश्न केला. आयुष्य वेचणे हा वाक्प्रयोग या कार्यकर्त्यांच्या पिढीला जितका शोभला तितका क्वचितच कोणाला शोभला असेल.

तरीही या परिभाषेची एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. स्वेच्छेने घेतलेले व्रत आणि नाइलाजाने आलेली टंचाई दुरून सारखीच दिसतात. ज्याने त्याग केला त्याच्यासाठी साधेपणा हा अलंकार होता. ज्याच्याजवळ त्यागण्यासारखे काही नव्हते, त्याला तोच साधेपणा उपदेश म्हणून ऐकवला गेला तर त्याचा अर्थ पालटतो. सेवाग्रामच्या भाषेचे बळ ती स्वतःकडे वळलेली होती यात होते. ती दुसऱ्याकडे वळली की पुन्हा जुन्या अहवालाची भाषा होते.

‘चंगळवाद’ ते ‘कर्जमुक्ती’

१९८० नंतर, आणि विशेषतः १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर, मराठीत ‘चंगळवाद’ हा शब्द बोकाळला. ‘चंगळ’ हा मुळात भरल्या घराचा, सुगीच्या दिवसांचा शब्द. आंब्याच्या दिवसांत पोरांची चंगळ असते. त्याला ‘वाद’ जोडताच तो निषेधाचा झाला. हा शब्द मुख्यतः शहरी मध्यमवर्गाने स्वतःच्या राहणीविषयी वापरला. त्यात आत्मपरीक्षण होते, थोडीशी कबुलीही होती. परंतु ज्या वेळी शहरात चंगळवादाची चर्चा चालू होती, त्याच वेळी कापसाच्या पट्ट्यात ‘खर्च’ या शब्दाला वेगळाच अर्थ आला होता. १९८० च्या दशकात शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी संघटनेने उत्पादनखर्चावर आधारित भावाची मागणी विदर्भात गावोगाव पोचवली. शेतकऱ्याचा खर्च हा त्याच्या स्वभावाचा पुरावा नसून त्याच्या धंद्याचा हिशेब आहे, ही त्या मागणीतील भाषिक क्रांती होती. जवळजवळ सव्वाशे वर्षांनी ‘खर्च’ हा शब्द मांडवातून उचलून शेतात आणला गेला.

२००५-०६ च्या सुमारास जिल्ह्यातील डोरली या गावाने संपूर्ण गाव विकायला काढल्याची घोषणा केली आणि देशाचे लक्ष तिकडे वेधले गेले. २००६ च्या जुलै महिन्यात पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. त्या सहांत वर्धा होता. याच काळात राज्य शासनाने सामुदायिक विवाहांना अर्थसाहाय्य देण्याची योजना आणली. योजना हितकारक होती. अनेक कुटुंबांना तिचा आधार झाला असेल. पण तिच्याभोवतीच्या चर्चेत लग्नांतील उधळपट्टी, दारू आणि चैन ही आत्महत्यांची कारणे म्हणून पुन्हा मांडली जाऊ लागली, तेव्हा दख्खन आयोगाने १३० वर्षांपूर्वी दिलेला निर्वाळा विस्मरणात गेल्याचे दिसून आले. बियाणे, खते, कीटकनाशके यांवरील वाढता खर्च, कोरडवाहू शेती आणि कोसळणारे भाव यांचा हिशेब किचकट असतो. मांडव मात्र डोळ्यांना दिसतो.

या वादातून आणखी एक शब्दभेद पुढे आला. केंद्र सरकारने २००८ साली जी योजना आणली ती ‘कर्जमाफी’ म्हणून ओळखली गेली. शेतकरी संघटनेचा आग्रह ‘कर्जमुक्ती’ या शब्दाचा होता. माफी गुन्हेगाराला मिळते, आणि शेतकऱ्याने गुन्हा केलेला नाही, ही त्यामागची भूमिका. ‘उधळपट्टी’ या शब्दात जो आरोप दडलेला होता, त्याचीच शिक्षा आणि सूट ‘माफी’ या शब्दात दडलेली आहे, हे कास्तकारांच्या चळवळीने अचूक ओळखले. विनोबांच्या ‘कांचनमुक्ती’ने आणि शरद जोशींच्या ‘कर्जमुक्ती’ने सर्वस्वी भिन्न आर्थिक विचारांतून ‘मुक्ती’ हाच शब्द निवडावा, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

निष्कर्ष

१. इंग्रजी व मराठी या दोन्ही भाषांत उधळेपणाचे शब्द विखुरणे, वाहून जाणे आणि हद्द सोडणे या कल्पनांतून घडले आहेत. मात्र मराठीने ‘उधळणे’, ‘हौस’ आणि ‘वेचणे’ असा भेद करून खर्चाचा न्याय रकमेवरून न करता खर्चामागील दृष्टीवरून केला.

२. वर्धा जिल्ह्यातील कापूसतेजीच्या सरकारी वर्णनात हा भेद पुसला गेला. उधळपट्टी, हौस आणि अब्रूचा खर्च एकाच ‘एक्स्ट्रॅव्हॅगन्स’मध्ये जमा झाले आणि तुरळक घटना समूहाचा स्वभाव ठरल्या.

३. दख्खन दंगे आयोगाने व महात्मा फुले यांनी परस्परभिन्न भूमिकांवरून हा आरोप अपुरा ठरवला, तरी तो पुढील काळात पुनःपुन्हा उद्भवला.

४. वर्ध्यातील साधेपणाच्या परंपरेने खर्चाचा प्रश्न स्वतःकडे वळवला, हे तिचे ऐतिहासिक वेगळेपण होय. तीच परिभाषा दुर्बलाकडे रोखली गेल्यास तिचा अर्थ उलटा होतो.

५. ‘उत्पादनखर्च’ आणि ‘कर्जमुक्ती’ या शब्दांच्या आग्रहातून शेतकऱ्यांनी आपल्यावरील जुन्या शब्दाला प्रथमच आपल्या शब्दाने उत्तर दिले.

चांदीची धाव झिजून गेली त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. ती बसवणारे हात थोडे होते, ती सांगणारी तोंडे पुष्कळ निघाली. शेतकऱ्याच्या कर्जाचा इतिहास लिहिताना आकड्यांबरोबरच असे शब्दही तपासले पाहिजेत. आकडा चुकला तर तो पुढील वर्षीच्या अहवालात दुरुस्त करता येतो. चुकीच्या शब्दाची दुरुस्ती पिढ्यानपिढ्या होत नाही, आणि त्याची किंमत ज्याच्यासाठी तो वापरला त्यालाच मोजावी लागते.